दोर तपासणे म्हणजे अविश्वास नव्हे

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत काही ख्रिस्ती मंडळ्यांनी एकत्र येऊन तरुण-तरुणींसाठी सह्याद्रीच्या कुशीत तीन दिवसांचे शिबिर भरवले होते. साठेक फुटांच्या एका कड्यावरून मुलांना दोराने खाली उतरवण्याचे, म्हणजे रॅपलिंगचे, काम आम्हा चौघांकडे होते. सकाळपासून वीसेक मुले उतरली. त्यानंतर अकरावीत शिकणारी एक मुलगी हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कमरेचा पट्टा, बांधून कड्याच्या काठापर्यंत आली, दरीकडे पाठ करून उभी राहिली आणि तिथेच थिजली. शिबिराचे वक्ते शेजारी होते. ते मायेने म्हणाले, "घाबरू नकोस, बेटा. प्रभूवर विश्वास ठेव आणि स्वतःला मागे सोडून दे." मुलगी हलली नाही. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "दादा, हा दोर वर कशाला बांधलाय, ते मला आधी दाखवाल का?" मी तोंड उघडण्याआधीच वक्ते म्हणाले, "विश्वास असला म्हणजे असे प्रश्न पडत नाहीत."

मी तिला काठावरून मागे घेतले आणि अँकर, म्हणजे दोर वर जिथे बांधला होता तो आधार, दाखवला. कातळात बसवलेले दोन बोल्ट, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या, मागच्या झाडाच्या बुंध्याला घेतलेला तिसरा आधार, ती स्वतः ज्यावरून उतरणार होती तो दोर, आणि तिचा हात सुटलाच तर तिला धरून ठेवणारा, दुसऱ्या माणसाच्या हातातला वेगळा दोर. तिने प्रत्येक कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा, स्क्रू स्वतःच्या बोटांनी फिरवून पाहिला. मग शांतपणे म्हणाली, समजले, पण आज मला उतरायचे नाही. ती पायवाटेने खाली गेली. रात्री शेकोटीपाशी झालेल्या संदेशात तिचे नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल अशा रीतीने, तिचा दाखला दिला गेला. देव हात पुढे करतो आणि आपण दोराची चौकशी करत बसतो, असे सांगण्यात आले. मान खाली घालून बसलेली ती मुलगी मला अजून दिसते. त्या रात्री मी उठून काही बोललो नाही, याची बोच अजून गेलेली नाही, आणि तेव्हा जे बोलायला हवे होते तेच इथे लिहीत आहे.

साहसी खेळांतून ख्रिस्ती विश्वासाचे धडे शोधावेत की नाहीत, हा आपल्या मंडळ्यांपुढचा खराखुरा प्रश्न आहे. मी नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरात वाढलो. आमच्या लहानपणी सुट्टीतली शब्बाथ शाळा म्हणजे गाणी, पाठांतर आणि खाऊ एवढेच असे. आता शिबिर म्हटले की हार्नेस, हेल्मेट आणि दोर आलेच, आणि सकाळी कड्यावर जे घडले त्याचा संध्याकाळी संदेश होणार हेही ठरलेले असते. यावर दोन मते ऐकू येतात. काही वडीलधारी माणसे म्हणतात की खेळ हा खेळ आहे, त्यात देवाला ओढू नये. तरुणांमध्ये काम करणारे म्हणतात की आजच्या मुलांना व्यासपीठावरून सांगितलेले पटत नाही, कड्यावर पटते. मला दुसरे म्हणणे अधिक जवळचे वाटते, कारण वीस-बावीस वर्षे कातळावर घालवल्यानंतर मी हे मनापासून मानतो की गिर्यारोहणात श्रद्धेविषयी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र तो धडा खेळाच्या स्वतःच्या नियमांतून यायला हवा. खेळाचा नियम मोडून काढलेला धडा खेळाला तर घातक असतोच, पण तो पवित्र शास्त्रालाही धरून नसतो. आणि गिर्यारोहणाचा पहिला नियम त्या मुलीने नेमका ओळखला होता: आपला भार कशावर टाकतो आहोत, ते आधी पाहायचे.

खेळाचा दाखला देणे पवित्र शास्त्राला परके नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या विश्वासणाऱ्यांना, लिहिताना धावण्याच्या शर्यतीचा दाखला दिला, तो त्या गावाला साजेसाच होता. करिंथजवळच्या इस्थमियाला दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत आणि जिंकणाऱ्याला पानांचा मुगुट मिळे. पौल त्या शहरात सुमारे दीड वर्ष राहिला होता. खेळाडू कसे कष्ट घेतात, हे त्याच्या वाचकांना रोज दिसत होते. म्हणून तो नाशवंत मुगुट आणि अविनाशी मुगुट यांची तुलना करू शकला. पण आपले वक्ते हा उतारा वाचताना बहुधा बक्षिसापाशी थांबतात, आणि पौल तिथे थांबत नाही. तो पुढे स्वतःविषयी बोलतो. आपण आपल्या शरीराला शिस्त लावतो, ती यासाठी की दुसऱ्यांना घोषणा करून आपण स्वतःच नापसंत ठरू नये, असे तो म्हणतो. त्याच्या दाखल्याचे टोक ऐकणाऱ्याकडे नाही, बोलणाऱ्याकडे वळलेले आहे. त्या रात्रीच्या शेकोटीवर ते एका सोळा वर्षांच्या मुलीकडे वळवले गेले.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही याची एक स्वच्छ वाट आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग आणि कीर्तन उपासनेत आणले. त्यांनी अभंगाला वरून ख्रिस्ती अंगरखा चढवला नाही. त्यांचे मन त्या छंदात, त्या संतपरंपरेत मुरलेले होते, आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगण्याइतका आदर त्यांच्यापाशी होता. म्हणूनच त्यांची भजने शंभर वर्षांनंतरही आमच्या देवळांत घरची म्हणून गायिली जातात. खेळाच्या बाबतीत आपण एवढे तरी करावे. ज्याने कधी दोर धरला नाही, ज्याला गाठ तपासता येत नाही, त्याने दोराचा दाखला देण्याची घाई करू नये. येशूचे दाखले पेरणी, जाळे आणि मेंढरे यांच्याविषयी होते आणि ऐकणारे शेतकरी, कोळी, मेंढपाळ होते. त्या कामातले काही चुकीचे सांगितले असते तर त्यांनी तिथल्या तिथे मान हलवली असती. पेरणाऱ्याच्या दाखल्यातही वाटेवर पडलेले, खडकाळीवर पडलेले, काटेरी झाडांत पडलेले बी आहे. शेतीतले नुकसान त्यात लपवलेले नाही.

आता त्या वाक्याकडे वळतो: "विश्वास ठेव आणि स्वतःला सोडून दे." शुभवर्तमानात कड्याच्या काठासारख्या जागी उभे राहून कुणीतरी असेच बोलल्याचा एक प्रसंग आहे आणि तो आपल्या शिबिरांत क्वचितच वाचला जातो. मत्तय आणि लूक या दोघांनीही तो दिला आहे. सैतान येशूला यरुशलेमेत मंदिराच्या शिरोभागी उभे करतो आणि म्हणतो, तू देवाचा पुत्र असशील तर खाली उडी टाक. देवदूत तुला हातांवर झेलतील, तुझा पाय धोंड्याला लागू देणार नाहीत, असे लिहिलेच आहे. ते वचन खरे आहे, ते 91 व्या स्तोत्रातले आहे. उंचीवर उभ्या असलेल्या माणसाला उडी मारायला लावण्यासाठी वचनाचा वापर झाल्याचा शुभवर्तमानातला हा प्रसंग, आणि त्यात वचन वापरणारा सैतान आहे. येशूचे उत्तर थोडक्यात आहे: परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. ज्या अर्थी त्याने उडी मारली नाही, त्या अर्थी त्याचा विश्वास कमी होता, असे कोणी म्हणेल काय? मग कड्याच्या काठावर थांबणाऱ्या मुलीला तसे का म्हणावे?

वक्त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या डोळ्यांपुढे पाण्यावर चालणारा येशूचा शिष्य पेत्र होता. पण पेत्राला येशूने स्वतः "ये" म्हटले होते. तिला कड्यावरून बोलावणारा देव नव्हता, शिबिराची कार्यक्रमपत्रिका होती. देवावरचा विश्वास आणि साहित्यावरचा, आयोजकांवरचा भरवसा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दोराला देवाच्या जागी बसवले की दोर तपासणे पाप वाटू लागते, आणि मग एखाद्या दिवशी खरोखरच न तपासलेल्या दोरावर कुणीतरी लटकते.

ज्यांनी प्रस्तरारोहण पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट जवळून सांगतो. चढणाऱ्याच्या कमरेचा दोर खाली किंवा वर असलेल्या दुसऱ्या माणसाकडे असतो. त्याने दोर सांभाळण्याला बिले देणे म्हणतात. चढणारा निघण्याआधी विचारतो, "ऑन बिले?" समोरून "बिले ऑन" असे उत्तर येईपर्यंत तो जमिनीवरून पाय उचलत नाही. त्याआधी दोघेही एकमेकांचे बकल, गाठ आणि कॅराबिनर डोळ्यांनी पाहतात आणि हाताने ओढून पाहतात. एकमेकांना दहा वर्षे ओळखणारे मित्रही हे प्रत्येक वेळी करतात आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. चढाई सुरू झाली की बिले देणाऱ्याचे लक्ष चढणाऱ्यावरून हलत नाही. मान अवघडते, ऊन डोळ्यांत येते, मुंग्या पायांवर चढतात, तरी ब्रेकचा, म्हणजे दोर अडवून धरणारा, हात दोरावरून सुटत नाही. चढणाऱ्याला तो दिसतही नाही; कातळाच्या फुगवट्याआड गेल्यावर दोराला येणारी हलकी ओढ एवढीच त्याची खूण उरते.

121 वे स्तोत्र आमच्याकडे प्रवासाला निघताना वाचतात. मी आपली दृष्टी पर्वतांकडे लावतो, असे त्याचे पहिले वाक्य शिबिरांच्या फलकांवर सर्रास लिहिलेले असते. पण स्तोत्रकर्ता लगेच विचारतो की मला साहाय्य कोठून येईल, आणि उत्तर देतो की आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्या परमेश्वरापासून. म्हणजे साहाय्य डोंगराकडून येत नाही, हे तो सांगतो. पुढच्या ओळीत तो म्हणतो की तुझा रक्षक डुलकी घेणार नाही. तासभर बिले देऊन मान आखडलेल्या माणसाला ही ओळ जशी कळते तशी ती मला देवळाच्या बाकावर कधी कळली नव्हती. दुसऱ्यासाठी जागे राहणे म्हणजे काय, ते हाताला आणि मानेला कळलेले असते. हा धडा कोणी वरून चिकटवलेला नाही. तो त्या कामातच आहे. आणि तो मिळतो उडी मारणाऱ्याला नव्हे, दोर धरणाऱ्याला, म्हणून शिबिरात प्रत्येक मुलाला उतरवण्यापेक्षा प्रत्येक मुलाला जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली थोडा वेळ दोर धरायला द्यावा, असे मला वाटते.

तरीही रक्षक डुलकी घेत नाही याचा अर्थ भक्ताचा दोर तुटत नाही असा होत नाही, हेही गिर्यारोहणाने आपल्याला फार पूर्वी दाखवले आहे. 14 जुलै 1865 रोजी आल्प्समधल्या मॅटरहॉर्नचे शिखर माणसाने पहिल्यांदा सर केले. सात जणांच्या त्या तुकडीत चार्ल्स हडसन हे अँग्लिकन पाळक होते आणि ते त्या काळातल्या उत्तम हौशी गिर्यारोहकांपैकी एक गणले जात. उतरताना तुकडीतला सर्वांत नवखा तरुण घसरला, त्याच्याबरोबर आणखी तिघे ओढले गेले आणि त्यांना मागच्या तिघांशी जोडणारा दोर तुटला. चौघे गेले, हडसन त्यांत होते. पुढे चौकशीत प्रश्न विचारला गेला तो हाच, की सोबत चांगले दोर असताना नेमक्या त्या जागी सर्वांत कमकुवत दोर का वापरला गेला. पाळकाची श्रद्धा कमी पडली असे म्हणण्याचा धीर कोणी करणार नाही. दोर कमी पडला. माझ्या माहितीतल्या प्रत्येक शिबिराच्या आयोजकाने हा प्रसंग वाचावा, कारण प्रार्थना करून निघालो म्हणजे साहित्याची वही तपासायची गरज नाही, असे मानणारी माणसे मी पाहिली आहेत. दोराचे वय असते, त्याची नोंद ठेवावी लागते, एकदा जोराचा हिसका बसलेला किंवा धारेवर घासलेला दोर बाद करावा लागतो. हे काम करणारा माणूस संदेश देणाऱ्याइतकीच सेवा करत असतो.

दुसरी चूक शिखराची आहे. "प्रभू तुला शिखरावर नेईल" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की शिखर म्हणजे परीक्षेतले गुण, नोकरी, परदेशी जाणे असे समीकरणच मुलांच्या मनात तयार झाले आहे. गिर्यारोहकाला विचारले तर तो सांगेल की शिखर हा अर्धा रस्ता असतो आणि अपघात बऱ्याचदा उतरताना होतात, जसा मॅटरहॉर्नवर झाला. शिखरावरून सुखरूप परत येणे आणि हवामान बिघडले तर शिखराला हात न लावता मागे फिरणे, यालाच या खेळात शहाणपण म्हणतात. कॅथलिक मंडळीत 1923 साली पोप अकरावे पायस यांनी संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते ठरवले. पायस स्वतः तरुणपणी आल्प्समध्ये मोठमोठ्या चढाया केलेले गिर्यारोहक होते, त्यामुळे त्यांनी निवड करताना काय पाहिले हे महत्त्वाचे आहे. बर्नार्ड यांची ख्याती कोणत्याही शिखरामुळे नाही. अकराव्या शतकात आल्प्समधल्या, सुमारे 2,470 मीटर उंचीवरच्या एका खिंडीत त्यांनी वाटसरूंसाठी आश्रयगृह उभारले, आणि तिथले साधू शतकानुशतके बर्फात अडकलेल्यांना शोधून आणत राहिले.

या संदर्भात ज्या माणसाची गोष्ट आपल्या मुलांना सर्वांत आधी सांगायला हवी, तो थिओडोर हॉवर्ड सॉमरवेल. त्याचे पुढचे कामाचे आयुष्य भारतातच गेले, म्हणून तो आपल्याला परका नाही. 1890 साली इंग्लंडमध्ये जन्मलेला हा शल्यविशारद पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोमच्या रणभूमीजवळ जखमींवर शस्त्रक्रिया करत होता आणि तिथे पाहिलेल्या संहारामुळे युद्धाचा कायमचा विरोधक झाला. 1922 साली तो एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेला. 7 जून 1922 रोजी ताज्या बर्फानंतर नॉर्थ कोल या एव्हरेस्टजवळच्या बर्फाळ खिंडीकडे चढताना हिमप्रपात झाला आणि ओझी वाहणारे सात जण मरण पावले. त्या तुकडीत जॉर्ज मॅलरी, सॉमरवेल आणि आणखी एक ब्रिटिश गिर्यारोहक होते, तिघेही वाचले. सॉमरवेलला ही गोष्ट आयुष्यभर सलत राहिली. आपल्यापैकी एखाद्याचाही त्यांच्यासोबत अंत झाला असता तर उरलेल्या भारवाहकांना निदान एवढे तरी कळले असते की नुकसान वाटून घेतले गेले, या अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. कोणाच्या हट्टापायी कोणाचा जीव गेला, हा प्रश्न त्याने टाळला नाही. या खेळातून श्रद्धेचा धडा काढायचा असेल तर तो इथून सुरू व्हावा, असे मला ठामपणे वाटते: आपण वर जाताना कोणाच्या पाठीवरून जातो?

त्या मोहिमेनंतर तो भारतात फिरला. फिरता फिरता त्रावणकोर संस्थानातल्या, म्हणजे आजच्या कन्याकुमारी जिल्ह्यातल्या, नेय्यूर या गावी पोचला. तिथल्या मिशन दवाखान्यात रुग्णांची रीघ लागली होती आणि शस्त्रक्रिया करणारे हात फार थोडे होते. लंडनमधली चांगली कारकीर्द समोर असताना त्याने नेय्यूरला राहायचे ठरवले. 1924 साली तो पुन्हा एव्हरेस्टवर गेला. तेव्हा नॉर्थ कोलवरच्या छावणीत चार भारवाहक अडकले आणि त्यांना आणायला मोहिमेतले नॉर्टन, मॅलरी आणि सॉमरवेल हे तिघे वर चढले. मधला बर्फाचा उतार कोसळण्याच्या बेतात होता. दोराच्या एका टोकाला सॉमरवेल, दुसऱ्या टोकाला बाकीचे दोघे. तो आडवा चालत त्या चौघांच्या दिशेने सरकत गेला आणि काही हातांचे अंतर राहिले असता दोर संपला. दोघे जण तेवढे अंतर चालून त्याच्यापर्यंत आले. उरलेले दोघे एकदम निघाले, पायाखालचा बर्फ सुटला आणि ते घसरत जाऊन कड्याच्या वर कसेबसे थांबले. सॉमरवेलने बर्फकुऱ्हाड रोवली, स्वतःच्या कमरेचा दोर सोडून तो कुऱ्हाडीभोवती घेतला आणि त्याचे टोक एका हातात धरून तो खाली उतरला. दुसऱ्या हाताने त्याने त्या दोघांना एकेक करून मानेशी पकडून वर घेतले. चौघेही वाचले.

या प्रसंगात "स्वतःला सोडून देणे" आहे, हे मला मान्य आहे. पण त्याआधी कुऱ्हाड रोवलेली आहे, दोराला तिच्याभोवती वेढा दिलेला आहे, आणि सोडून दिले आहे ते दुसऱ्याला धरण्यासाठी. आपली भीती गेल्याचे दाखवण्यासाठी त्याने काही केले नाही. त्यानंतर काही दिवसांनी, 4 जून रोजी, नॉर्टन आणि तो प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय शिखराकडे निघाले. सुमारे 28,000 फुटांवर घशाच्या त्रासामुळे सॉमरवेल थांबला. नॉर्टन थोडा पुढे 28,126 फुटांपर्यंत जाऊन परतला. शिखर राहिले. सॉमरवेल नेय्यूरला गेला आणि पुढे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्याचा काळ धरून जवळजवळ चार दशके भारतात राबला. एव्हरेस्टचे शिखर त्याला मिळाले नाही, म्हणून देवाने त्याची प्रार्थना ऐकली नाही असे म्हणायचे का? शिखराच्या भाषेत बोलणाऱ्या आपल्या संदेशांना या आयुष्यासाठी शब्दच नाहीत.

तीच गोष्ट इटलीतल्या तुरीनच्या पियेर जॉर्जो फ्रस्साती या तरुणाची. 7 सप्टेंबर 2025 रोजी त्याला संत घोषित केले गेले; त्याने एका चढाईच्या छायाचित्रावर लिहिलेले "उंचीकडे" या अर्थाचे दोन इटालियन शब्द जगभर टी-शर्टांवर झळकत आहेत. त्याचे डोंगरावर प्रेम होतेच. पण तो आठवड्याचे दिवस शहराच्या गरीब वस्त्यांत, आजाऱ्यांच्या खोल्यांत घालवी, आणि 1925 साली वयाच्या 24 व्या वर्षी पोलिओने गेला. त्याच्या उंचीची वाट त्या अंधाऱ्या जिन्यांवरून जात होती, हे टी-शर्टावर मावत नाही.

हे सगळे आपल्या डोंगरांनाही लागू आहे. आमच्या जिल्ह्यातली बहुतेक शिबिरे कधी ना कधी कळसूबाईला जातात. 1,646 मीटर उंचीचे हे राज्यातले सर्वांत उंच शिखर असून माथ्यावर देवीचे छोटे मंदिर आहे आणि नवरात्रात तिथे गर्दी लोटते. पायथ्याच्या बारी गावातल्या महादेव कोळी कुटुंबांची ती देवी आहे. आपण तिथे पाहुणे आहोत. आमच्या एका गटातल्या मुलांना माथ्यावर मोठ्याने गाणी म्हणून लाकडी क्रूस रोवायचा होता. मी त्यांना थांबवले, आणि त्यावरून काही पालक नाराजही झाले. दुसऱ्याच्या देवळाच्या अंगणात आपला झेंडा लावणे ही साक्ष नव्हे, असे मी त्यांना सांगितले आणि आजही सांगेन. आम्ही एका कडेला बसून हळू आवाजात प्रार्थना केली. त्या दिवशी एक गावकरी मावशी डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन शिड्या चढून वर आल्या होत्या. त्या पाण्यातले अर्धेअधिक आमचीच मुले प्यायली. उतरताना मी मुलांना विचारले की पाणी कोणी आणले होते, त्यांचे नाव काय. एकालाही सांगता आले नाही. पुढच्या खेपेपासून आम्ही नियम केला की वाट दाखवणाऱ्याचे, स्वयंपाक करणाऱ्याचे, पाणी वाहणाऱ्याचे नाव विचारल्याशिवाय आणि ठरलेली मजुरी हातात ठेवल्याशिवाय परतीची बस निघणार नाही.

मंडळ्यांनी साहसी शिबिरे बंद करावीत, असे मी म्हणत नाही. उलट ती अधिक व्हावीत आणि जाणत्या माणसांच्या हाती व्हावीत. पण कड्याच्या काठावर उपदेश नको. तिथे सूचना देणारा आवाज एकच असावा आणि तो दोर सांभाळणाऱ्याचा असावा. "नाही" म्हणणाऱ्या मुलाला कारण विचारू नये आणि रात्री त्याचा दाखला करू नये. ज्या वक्त्याला संध्याकाळी दोराविषयी बोलायचे आहे, त्याने आधी बिले द्यायला शिकावे आणि दिवसा निदान दोन तास ते करावे. मग त्याला जे सुचेल ते त्याने जरूर बोलावे. मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन.

त्या मुलीविषयी एवढेच सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोर गुंडाळत असताना ती आली आणि मदत करू का, म्हणाली. दोर गुंडाळताना त्याची वीत न् वीत बोटांखालून घालवायची असते, म्हणजे कुठे आवरण उसवले असेल किंवा आत मऊ जागा असेल तर ती हाताला लागते. मी तिला तसे दाखवले. दोनशे फुटांचा दोर तिने डोळे मिटून, सावकाश, बोटांनी चाचपत गुंडाळला, आणि शेवटच्या टोकापासून काही हात आधी ती थांबली. तिथे आवरणाचे चार-पाच धागे कापले गेले होते. आमच्या चौघांच्याही हातून ते निसटले होते. तो दोर आम्ही त्याच दिवशी बाद केला.